शेवटची काच

जव्हार संस्थानात मी जंगलखात्याचा शिपाई होतो, तेव्हा एका फोटोग्राफरला सूर्यमाळला घेऊन गेलो. नाव विसरलो, काळी टोपी आठवते. कॅमेऱ्याच्या कापडाखाली शिरतानाही ती काढत नसे.

फोटो उमटवायची एकच काच उरली होती. वेडा राघू शेजारच्या झाडावर, आणि हा बाबा रिकाम्या फांदीवर कॅमेरा रोखून बसला! पाण्याचा हंडा उतरवून टेकलेली म्हातारी हसली, "पाखरू तं तिकडं हाय, दादा!"

"मागं धावलो तर पुसट येईल, आजी. किडा धरून तो इथंच येतो."

राघू आलाच. चोचीतला चतुर फांदीवर आपटू लागला. "दाबा की!" मी चिडून कुजबुजलो. फोटोग्राफर हलला नाही. गिळण्याआधी राघू क्षणभर स्थिर झाला, तेव्हा कुठे त्यानं हातातला कॅमेऱ्याचा रबरी गोळा दाबला.

आता काच धुवायला पाणी हवं, आणि भर उन्हाळ्यात पाड्यावर पाणी कुठलं? म्हातारीनं आपला हंडा पुढं सरकवला.

अंधाऱ्या झोपडीतून काच बाहेर आली. चतुराचा पंखसुद्धा स्पष्ट! म्हातारी पाड्याला ओरडून सांगू लागली, "माझ्या हंड्यातून निघाला राघू!"

"तुमचाच आहे, आजी," म्हणत त्यानं पहिल्यांदाच टोपी काढली.