समोरच्या दुकानातली किडकी डाळ

धुळ्यात माझ्या किराणा दुकानासमोर तिने खाटेवर गूळ आणि घाण्याचं तेल मांडलं, तेव्हा मी हसलो होतो. आता तिथे दुकान आहे, आणि माझी जुनी गिऱ्हाइकं तिच्या रांगेत उभी असतात. तिचं नाव मी मुद्दामच विचारलेलं नाही.

ती प्रत्येकाच्या तळहातावर आधी चिमूटभर डाळ ठेवते. "खाई देखा," म्हणते.

एकदा एक बाई किडे झालेली तूरडाळ घेऊन भांडायला आली. फजिती बघायला मी दारात धावलो. दुकानवाली शांतपणे म्हणाली, "अक्का, डाळले औषध मारेल नही. किडासले बी समजस, काय खावानं ते."

बिनऔषधाची म्हणून बाई तीच डाळ चाळून घेऊन गेली!

जळफळत मी माझी वर्षभर पडलेली डाळीची पोती उपसली. एकही किडा सापडला नाही.