उघडून ठेवलेल्या मोटारी

माझ्या कार्डावर ‘अ‍ॅजाइल कोच’ असं छापलंय. पुण्यातल्या कंपन्यांत जाऊन मी लोकांना सांगतो की टीमनं काम कसं करावं, बेत कसा आखावा, गिऱ्हाइकाला दिलेला शब्द कसा पाळावा. लोक ते वहीत उतरवून घेतात, याची मला अजून गंमत वाटते. कारण त्यातलं फारसं काही माझं नाहीच. कडेगावकडच्या एका मावशींनी मला ते शिकवलं, कराडात, आमच्या दुकानाच्या पायरीवर बसून, आणि शिकवताना त्या माझ्यावर चांगल्याच तापलेल्या होत्या.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं. डिप्लोमा झाल्यावर मी मामांच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात लागलो. विहिरीवरची पाण्याची मोटार जळली की लोक आमच्याकडे आणायचे. आतली जळकी तार काढून नवी भरायची, हा आमचा धंदा. उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की आमची दिवाळी. दुकानात मामा, तार भरणारा कारागीर, बेअरिंग बघणारे म्हातारे फिटर आणि मी. मामा मला ‘इंजिनियर’ म्हणायचे, आणि तेही फिटरकाकांकडे बघून डोळा बारीक करत.

मामांचा एक नियम होता. मोटार दुकानात उतरली की आधी उघडायची. दुरुस्ती कधी का होईना, पण नटबोल्ट काढून, आतली तार ओढून तिची आतडी बाहेर काढून ठेवायची. कारण समोरच दुसरं दुकान होतं, आणि उघडलेली मोटार उचलून कुणी समोर नेत नाही. त्यामुळे मे महिन्यात आमच्या जमिनीवर अकरा मोटारी उघड्या पडलेल्या असायच्या आणि धड एकही फिरत नसायची. एक ना धड, भाराभर चिंध्या. गिऱ्हाईक आलं की त्याच्या मोटारीला जरा हात लावायचा, त्याच्या देखत दोन कॉइल भरायच्या आणि म्हणायचं, ‘उद्या या.’

मी शिकलेला ना! मी ड्रॉइंगच्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी वेळापत्रक काढून भिंतीला लावलं. कुठली मोटार कुठल्या दिवशी होणार, सगळं चौकटीत. इतकं देखणं की मीच चहा पिताना त्याच्याकडे बघत बसायचो. मोटारी मात्र त्याच्याकडे बघत नव्हत्या. चार दिवसांत त्यातली एकही तारीख खरी ठरली नाही, आणि मी खोडरबर घेऊन तारखा पुढं सरकवत राहिलो.

त्यातच मावशींची पाच हॉर्सपॉवरची मोटार आली. अक्षय तृतीयेला त्यांनी आलं लावलं होतं, कोंब नुकते वर येत होते. वरून ऊन असं की वाफ्यात हात घालवत नव्हता. पाणी नाही मिळालं तर आलं जमिनीतच शिजणार, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आम्ही मोटार उघडली आणि ‘उद्या’ म्हणालो. दुसऱ्या दिवशी ‘उद्या’. तिसऱ्या दिवशी मीच म्हणालो, अगदी वेळापत्रकावर बोट ठेवून, ‘उद्या नक्की.’ लाज वाटते सांगायला, पण म्हणालो.

चौथ्या दिवशी त्या सकाळच्या एसटीनं आल्या, भाकरीचं गाठोडं घेऊन, आणि पायरीवर बसल्या. मोटार घेतल्याशिवाय उठणार नाही, म्हणाल्या. मामांनी चहा मागवला. त्यांनी तो बाजूला सारला. तासभर त्या आमचं काम नुसत्या बघत होत्या. मग त्यांनी मला हाक मारली आणि विचारलं, “आत्ता माझ्या मोटारीवर कुणाचा हात हाय?” कुणाचाच नव्हता. कारागीर एका मोटारीत, फिटरकाका दुसऱ्या, मामा तिसऱ्या, आणि मी खोडरबर घेऊन भिंतीपाशी.

“आमी बायका खुरपं घिऊन वळीनं भांगलायला बसतो,” त्या म्हणाल्या. “जिनं जी पात धरली तिनं ती बांधापतूर न्यायची. एखादी मागं राह्यली तर बाकीच्या तिच्या पातीत हात घालत्यात. अर्धी टाकून कोन दुसरी धरत न्हाई. तुमी तर समद्या रानाच्या पाती धरून बसलाय गड्यांनो.”

फिटरकाका हातातलं बेअरिंग खाली ठेवून उठले आणि मावशींच्या मोटारीपाशी जाऊन बसले. मग कारागीर गेला. मामा थोडा वेळ समोरच्या दुकानाकडे बघत राहिले आणि शेवटी तेही गेले. मी तारेखाली घालायचा इन्सुलेशनचा कागद कापून द्यायला लागलो. एकाच मोटारीवर चार माणसं, दिवसभर. दुपारी वार्निश केलं आणि उन्हात, वर मोठा बल्ब लावून सुकवलं. पाच वाजता मोटार घरघरली. मावशींनी तिच्यावर तळहात ठेवला आणि वडापच्या, म्हणजे गावोगाव प्रवासी नेणाऱ्या, जीपमध्ये घालून घेऊन गेल्या. जाताना आम्हाला काहीच बोलल्या नाहीत. मला वाईट वाटलं, पण काय तोंडानं वाटून घेणार!

त्या दिवसापासून मामांनी नियम बदलला, अर्थात कुरकुरत. दोनच मोटारी उघड्या, बाकीच्या आल्या तशा भिंतीला. वेळापत्रकाचा कागद मी स्वतःच भिंतीवरून उतरवला. काही लोक मोटार उचलून समोर गेलेही. मामा त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे असे बघायचे की मला हसू आवरायचं नाही.

पावसाळ्यानंतर मावशी पुन्हा आल्या, जावेची मोटार घेऊन. मी आल्याचं विचारलं.

“तीन वाफं गेलं,” त्या म्हणाल्या. “एका उद्याला एक. बाकी झ्याक हाय.”

रागानं नाही बोलल्या. पण एवढा नेमका हिशेब मला आजवर कुणी दिलेला नाही. मामांनी मोटारीकडे बघितलं, जमिनीवरच्या दोन उघड्या मोटारींकडे बघितलं. समोरचं दुकान मोकळंच होतं. त्यांचं तोंड ‘उद्या’साठी उघडलेलं मी बघितलं.

“मावशी, आज उघडत नाही,” मामा म्हणाले. “शुक्रवारी देतो.”

त्यांनी मामांच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं आणि मोटार तिथंच ठेवून बाजाराला निघून गेल्या. मामा दिवसभर शीळ घालत होते.

शुक्रवारी मी सकाळपासून पायरीकडे बघत होतो. मोटार गुरुवारीच तयार होती आणि मला ती मावशींना फिरवून दाखवायची होती. त्या आल्याच नाहीत. दुपारी वडापवाला आला आणि म्हणाला, मावशींनी मोटार आणायला सांगितलीय. ‘झाली का ते आधी विचार’, असं त्या म्हणाल्या नाहीत का, मी त्याला विचारलं.

“न्हाई,” तो म्हणाला. “झालेली आसंल म्हनल्या.”