बर्फाखालची दोरी

लेकीची गाडी अंगणात शिरली तेव्हा ताइमी लाकडाच्या खोपटाच्या दारावर खिळ्यानं ठोकलेला मासा सोलत होती. मादे जातीच्या या माशाला काढण्याजोगी खवलं नसतात. मानेभोवती सुरी फिरवायची, कातड्याची कड पक्कडीत धरायची आणि पायातला ओला मोजा उतरवावा तसं खाली ओढायचं.

"आई, हे दारावर?" किर्सी गाडीतून उतरता उतरताच म्हणाली.

"मग काय, तुज्या गादीवर सोलू?"

हेल्कानं, म्हणजे चौदा वर्षांच्या नातीनं, माशाकडं एकदा बघितलं, मान फिरवली आणि पुन्हा फोनात तोंड खुपसलं. जावई इल्का मात्र हसत पुढं आला. त्याचे हात लोण्यासारखे. आयुष्यभर बोटांनी फक्त बटणं दाबलेली. "आजी, केवढा मोठा मिळाला गं!" तो म्हणाला. दरवर्षी तो हेच म्हणायचा, मासा केवढाही असो.

दर फेब्रुवारीत शाळांना थंडीची आठवडाभराची सुट्टी लागली की ही वरात हेलसिंकीहून चारशे किलोमीटर यायची. ताइमी एकोणसत्तरची. नवरा वेइको जाऊन सहा वर्षं झाली. तळ्याकाठच्या घरात ती एकटी राहायची, तिला एकटेपणाचं काही वाटत नव्हतं. वाटायचं ते या आठवड्याचं. पाहुणे येणार म्हणून चार दिवस आधी अंथरुणं बाहेर बर्फावर घालून झोडायची, आणि ते गेल्यावर चार दिवस घरात कुठली वस्तू कुठं गेली ते शोधत बसायचं.

यंदा तर पहिली कॉफी ओतून होते न होते तोच किर्सीनं टेबलावर कागद पसरले. कुओपिओ शहरातल्या एका घराचे फोटो होते. दोन खोल्या, लिफ्ट, खाली औषधांचं दुकान.

"फक्त हिवाळ्यापुरतं, आई. नोव्हेंबर ते मार्च. शुक्रवारी अकरा वाजता बघायला जायचंय. मी वेळ घेतलीय."

"कुणाला इचारून?"

"गेल्या वर्षी कुणाला विचारून पडलीस? उणे अठरा होतं. तासभर खोपटामागं पडून होतीस मनगट मोडून. तो शेजारचा रेइनो ट्रॅक्टर घेऊन आला नसता तर?"

ताइमीनं कॉफी ढवळली. कॉफीत दूध फुटल्यासारखं तरंगत होतं.

"ह्ये काय घातलंस?"

"ओटचं दूध. हेल्कामुळं आम्ही सगळेच तेच घेतो. पिऊन तरी बघ."

"ओट घोड्याला घालत्यात," ताइमी म्हणाली आणि कप मोरीत ओतला.

मादे मासा जानेवारी-फेब्रुवारीतच काठाला येतो. उन्हाळ्यात त्याला कुत्रं विचारत नाही. म्हणजे मार्चपर्यंत शहरात राहायचं तर बर्फाखालची जाळी संपली. आणि जाळी संपली तर हिवाळ्यात ताइमीनं करायचं काय? लिफ्टनं खाली जायचं, औषधाचं दुकान बघायचं, वर यायचं? पण हे लेकीला सांगायला गेलं की लेक म्हणायची, "आई, मासा दुकानात मिळतो."

पुढचे चार दिवस ताइमीनं दातओठ खाऊन काढले. किर्सीला नव्या नव्या गोष्टी करून बघायचं वेड. आणि आपण करून बघितली की ती दुसऱ्याच्याही गळ्यात बांधायची. रविवारी तिनं ताइमीच्या मनगटात घड्याळ अडकवलं. माणूस पडलं की त्याला म्हणे आपोआप कळतं, ते ओरडतं, आणि मिनिटभरात बटण दाबलं नाही तर लेकीला फोन लावतं. सोमवारी ताइमीनं लाकडं फोडली. कुऱ्हाडीच्या प्रत्येक घावाला घड्याळ बोंबललं. किर्सी अनवाणी पायांनी तीनदा अंगणात धावत आली.

"आई! ठीक आहेस ना?"

"मी ठीक हाय. तूच मरशील न्युमोनियानं."

मंगळवारी ईस्टरच्या उपासाच्या आधीचा सण. घसरगाड्या काढायच्या, वाटाण्याचं कालवण करायचं, साय भरलेले गोड पाव खायचे. ताइमी पावात मागच्या उन्हाळ्याचा रासबेरीचा मुरंबा भरायची. किर्सीनं शहरातून बदामाचा गोळा आणला होता, आणि साय म्हणून पुन्हा तेच ओट, पांढरं, फसफसलेलं.

"बदाम भरत्यात ते लोक, ज्येंच्याकडं मुरंबा न्हाई," ताइमी म्हणाली.

"खाऊन तरी बघ, आई!"

तिनं खाऊन बघितला. टेकडीवरनं घसरणाऱ्या गावातल्या लेकरांना हाका मारायचं निमित्त करून ती बाहेर गेली आणि तोंडातला घास बर्फात पुरला.

बुधवारी किर्सी बर्फात पाडलेल्या भोकातनं तळ्यात डुंबली. हेलसिंकीत ती म्हणे कसल्या मंडळाची सभासद झालीय. वर्गणी भरून गार पाण्यात उतरायचं. डोक्यात लोकरीची टोपी, पायात रबरी मोजे, काठावर इल्का फोटो काढायला उभा. वर आली ती लालबुंद होऊन, जगाला सांगत, की आपल्याला नवं आयुष्य मिळालं.

"त्याच भोकातनं म्या तीस वर्सं गुरांना पाणी काढलं," ताइमी म्हणाली. "टाळ्या कुनी वाजवल्या न्हाईत."

गुरुवारी जाळं काढायचं होतं, आणि सगळ्यांना यायचं होतं. हेल्का तेवढी घरी राहिली. जे खात नाही ते मारताना बघायचं कशाला, म्हणाली. ताइमीला ते पटलं. पोरीत तेवढी तरी अक्कल होती.

बर्फ दोन वीत जाड. जाळ्याच्या दोन टोकांना दोन भोकं, मधे चाळीस पावलं. यातली सगळी मेख एका गाठीत. लांबच्या भोकापाशी जाळ्याचं टोक तिथं रोवलेल्या काठीवरनं सोडायचं आणि लगेच त्याला लांब दोरी बांधायची. मग जवळच्या भोकातनं जाळं ओढून घ्यायचं. जाळ्यामागं दोरी बर्फाखाली पसरत जाते. मासे काढून झाले की तीच दोरी ओढायची, आणि जाळं आपसूक जागेवर. दोरी बांधली नाही तर जाळं सगळं बाहेर येतं, आणि परत आत घालायला अर्धा दिवस जातो. गावातली पोरं हे चालायला लागली की शिकतात.

ताइमीनं इल्काच्या हातात दोरीचं वेटोळं दिलं. "धर, जावईबापू. आन् बोलू नगंस."

किर्सी जवळच्या भोकापाशी टोपली घेऊन उभी राहिली. ताइमीनं पहारीनं लांबच्या भोकावरचा रात्रीचा बर्फ फोडला, हातमोजा काढला आणि जाळ्याचं टोक काठीवरनं सोडवलं. टोक बुटाखाली दाबलं. आता दोरी. तेवढ्यात मनगटावर घड्याळ बोंबललं. पहारीचे घाव त्यानं मनाशी मोजले होते आणि म्हातारी पडली असं ठरवलं होतं.

"आई, बटण दाब!" चाळीस पावलांवरनं किर्सी ओरडली.

"कुठलं बटन?"

"बाजूचं! नाहीतर मला फोन येईल!"

"आगं, तू हितं हुभी हायस की माज्या म्होरं!"

फोन आलाच. किर्सीनं खिशातनं काढून उचलला, स्वतःच्या आईकडं बघत स्वतःच्या आईचा फोन. ताइमीला इतका संताप आला की तिनं घड्याळ उपसून खिशात कोंबलं आणि तरातरा जवळच्या भोकाकडं गेली. "शहरात तुला हे असं एकटीनं करायला नको," किर्सी सुरू झाली, "भांडी धुवायला यंत्र आहे, तुझे हात—" ताइमी ऐकत नव्हती. ती ओढत होती. जाळं फार हलकं येत होतं. एक मादे आला, बेडकाच्या तोंडाचा, मग दुसरा, चांगला दोन किलोचा. मग नुसतं जाळं. आणि मग जाळ्याचं टोक, मोकळं, पाणी गाळत.

ताइमीनं मान वर केली. तिकडं लांबच्या भोकापाशी इल्का जसा ठेवला होता तसा उभा होता, छातीशी दोरीचं वेटोळं धरून. बोलू नको म्हटलं होतं, तर बोलला नव्हता.

"काय झालं?" किर्सी म्हणाली. तिला कळलं होतं. ती याच तळ्यावर वाढलेली पोर. ती टोकाकडं बघत राहिली आणि मग आईकडं, आणि तिच्या तोंडावर तीच भीती आली जी ताइमीनं हॉस्पिटलात मनगटाला प्लॅस्टर घालताना बघितली होती.

तेवढ्यात इल्का धापा टाकत आला. "माझी चूक. आजीनं मला बांधायला सांगितलं होतं. मी विसरलो."

"इल्का!" किर्सी उसळली. "एक काम! एक गाठ! तुला कधी—"

जावयानं मान खाली घातली. मार खायची सवय असल्यासारखा मुकाट ऐकून घेत होता. ताइमीनं थोडा वेळ ते चालू दिलं. सोपं होतं. लेकीच्या हातात शुक्रवारसाठी नवं कारण पडलं नसतं. पण बावीस वर्षं ज्याला कुऱ्हाड धरता आली नाही, त्या माणसाच्या आड लपून बसायचं? तो आपल्याला झाकतोय याचा तिला घड्याळापेक्षा जास्त राग आला.

"गप ऱ्हा गं," ती म्हणाली. "त्येला म्या काय बी सांगितलं नव्हतं. मीच इसरली."

वारा थोडा सुटला होता.

"पन्नास वर्सांत पयल्यांदा. आता तोंडं काय बगताय? फळी आना खोपटातनं."

फळी म्हणजे वावभर लांब लाकूड, त्याला लोखंडी खटका. भोकातनं बर्फाखाली सोडायची, दोरीला हिसका दिला की ती पुढं सरकते आणि वर बर्फाला ठोका देते. कुणीतरी वरनं ऐकत चालायचं. हे एकट्याचं काम नाही. डिसेंबरात रेइनो यायचा. ताइमीनं हिसके द्यायला सुरुवात केली. किर्सी न सांगता बर्फावर पालथी पडली आणि कान टेकला.

"डावीकडं चाललीय," ती ओरडली. "थांब. आता दे. अजून डावीकडं!"

"डावीकडं कशी जाईल?"

"आई, तू ओढ. ऐकतेय मी!"

फळी डावीकडंच गेली होती, चांगली सहा पावलं. इल्कानं गिरमिटानं नवी भोकं पाडली. पहिली दोन चुकली. तिसऱ्यात फळीचं टोक दिसलं तेव्हा तो इतक्या जोरात ओरडला की काठावरचे कावळे उडाले. आकड्यानं फळी वर काढली, दोरी हातात आली, जाळं पुन्हा पाण्यात गेलं. गाठ ताइमीनं मारली. किर्सीनं ती ओढून बघितली. ताइमीनं बघू दिलं.

तीन वाजता सगळे स्वयंपाकघरात होते. मादेचं कालवण, बटाटे, कांदा, चार कबाबचिनीचे दाणे, आणि खरं दूध. वरनं माशाचं काळीज सोडलेलं. हेल्का कोपऱ्यात पाव खात होती.

"विसरलीस, आई," किर्सी हळू म्हणाली.

"इसरली."

"उद्या अकरा वाजता—"

"मार्चपातुर न्हाई." ताइमीनं पळी खाली ठेवली. "नोव्हेंबर घे. नोव्हेंबरात तळ्यावर नाव चालत न्हाई आन् पाय बी ठरत न्हाई. दिसभर अंधार, अंगणात निसती निसरड. तवा मी येती. बर्फ मानसाला पेलला की मागारी."

"पेलतो कधी?"

"त्ये तळं सांगंल."

"भाड्याचा करार तळ्याला विचारून होत नाही, आई. दीड महिन्यासाठी घर कोण देणार?"

"तुज्याकडं ऱ्हाती मग."

हेल्कानं आठवड्यात पहिल्यांदा फोनातनं डोकं वर काढलं. इल्का वाडग्यात काटा शोधायला लागला, खरं तर मादेला काटे फार नसतात. किर्सी बोटांवर काहीतरी मोजायला लागली. तिच्या हेलसिंकीच्या घरात खोल्या तीन होत्या आणि प्रत्येकीत कुणीतरी होतं. आईला सांभाळायला ती शहर, लिफ्ट, औषधाचं दुकान सगळं द्यायला निघाली होती. स्वतःचं घर तिच्या यादीत नव्हतं.

"आणि जाळं?" तिनं शेवटी विचारलं. "जानेवारीत एकटीच बर्फावर?"

"रेइनोला सांगीन सोबत यायला. दर खेपंला." हे बोलायला ताइमीला फार जड गेलं. रेइनो बोलका माणूस. त्याचं बोलणं कालवणाच्या भांड्यासारखं, ढवळलं की परत तेच वर.

किर्सी उठली, खिडकीपाशी गेली आणि कुओपिओतल्या बाईला फोन करून उद्याची वेळ रद्द केली. परत येऊन बसली ती वही घेऊनच. हेल्काच्या खोलीत पलंग दुसरा मावेल का, हेल्का बैठकीत झोपेल का, आई रात्री किती वेळा उठते, पलंग खिडकीकडं हवा की भिंतीकडं. नोव्हेंबरला अजून साडेआठ महिने होते. ताइमीच्या कपाळाची शीर आत्ताच ठणकायला लागली.

"भिंतीकडं," ती म्हणाली. "आन् आता खा. काळीज गार झालं की मेणासारखं लागतंय."