नांगर नसलेलं जहाज

त्या पुस्तकातल्या जहाजाला नांगर नव्हता, आणि माझ्या मामाचं त्या पुस्तकाशी पहिलं भांडण त्यावरूनच झालं. शंभरेक वर्षांपूर्वी कुणा परदेशी लेखकाने लिहिलेली साहसकथा होती ती. मराठीत आणताना कुणीतरी तिला बरीच कात्री लावली होती. मी ती अंधेरीच्या आमच्या शाळेच्या वाचनालयातून आणली होती. त्यातलं जहाज पाण्यात नाही, हवेत चालायचं. डोलकाठ्या होत्या, पण शिडं नव्हती. प्रत्येक काठीच्या टोकाला एक गरगरणारा पंखा. मनात आलं की ते ढगांवरून धावायचं, मनात आलं की हवेत एका जागी उभं राहायचं.

"उभा ऱ्हातो म्हंजे? नांगर कुठं टाकतो?" मामाने विचारलं.

"पंखे आहेत ना त्याला."

"पंख्यानं वारा येतो गो पोरी. जहाज नाय उभं ऱ्हात."

हे वेसाव्याच्या कोळीवाड्यातलं. साठचं दशक सरत आलं होतं आणि बहुतेक बोटींना इंजिनं लागली होती. मामाच्या खळ्यात बोंबील वाळत घालायच्या बांबूंच्या वलांड्या होत्या. त्यांच्या शेजारी बसून मामा फाटलेलं जाळं सांधायचा, मामी बोंबील उलटायची आणि मी मोठ्याने वाचायची. दोघांनाही अक्षरओळख नव्हती. त्यांना मूलही नव्हतं. आमचं घर दोन गल्ल्या पलीकडे, पण शाळेतून आले की मी थेट तिथेच. आई म्हणायची, ही घरी फक्त झोपायला येते.

वाचताना मधे कुणी बोललेलं मला आजही खपत नाही. मामा तर प्रत्येक पानावर बोलायचा. एवढं लाकूड वर गेलंच कसं, पाऊस आला तर पंखे भिजत नाहीत का, जहाज हाकणारा तांडेल वाट कशाने ओळखतो. मी पुस्तक आपटून उठायची. मग मामी मला काहीतरी खायला द्यायची आणि त्याला म्हणायची, "गप ऱ्हा रं, पोरीला वाचूं दे."

एकच प्रकरण त्याने तोंड न उघडता ऐकलं. वादळात एक गलबत बुडतं, चार-दोन खलाशी फळीला धरून तरंगत असतात, आणि ते हवेतलं जहाज बरोबर त्यांच्या डोक्यावर येऊन उभं राहतं. खाली दोर सुटतो. मामाची जाळ्याची सुई थांबली. "परत वाच," तो म्हणाला. पुढे कितीतरी वेळा त्याने ते वाचून घेतलं. बाकी कशावर विश्वास नाही, मग ह्यावर कसा, असं मी मुद्दाम डिवचून विचारलं.

"ह्ये खोटं असंल तरी असूं दे," तो म्हणाला.

पुढे अडचण होती. दोराने वर आलेल्या माणसांना त्या जहाजाचा मालक पुन्हा जमिनीवर सोडत नसे. जहाजाचं गुपित फुटेल म्हणून त्यांना कायमचं वरच ठेवायचा. मामीला ते मुळीच पटलं नाही. "त्यांच्या बायका वाट बगत असतील ना?" ती म्हणाली.

मामा हसला. "जिते हायत ना? मंग जालं."

दिवाळी उलटली आणि अवेळी वादळ उठलं. मामाची बोट तेव्हा बाहेर होती. बोटीवर चौघे होते. त्यातले दोघे दुसऱ्या एका बोटीला लाकडाला धरून तरंगताना सापडले. चौथा गडी पहिल्याच तडाख्यात गेला, असं त्यांनी सांगितलं. मामा रात्रभर त्याच लाकडाला धरून त्यांच्यासोबत होता. उजाडायच्या सुमाराला त्याचा हात सुटला.

दुसऱ्या दिवशी शोध घ्यायला हेलिकॉप्टर आलं. सगळं गाव वाळूवर धावलं, आणि सगळ्यांच्या पुढे मामी. इतक्या जवळून ते यंत्र आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं. डोक्यावर पंखा गरगरत होता. ते खाली आलं आणि पाण्यावर एका जागी थांबलं, हवेत, कशालाही न धरता. खालचं पाणी थरथरत होतं. मामीने माझं मनगट गच्च धरलं.

"बग, उभा ऱ्हायला. आता दोर सोडील."

मीही तेच म्हणत होते, मनातल्या मनात, सगळ्या देवांना एकदम हात जोडून. दोर सुटला नाही. ते मढच्या बाजूला वळलं, पुन्हा आलं, पुन्हा गेलं. त्यातल्या माणसांनी मनापासून शोधलं, अंधार पडेपर्यंत शोधलं. मामाचं काहीच हाती लागलं नाही.

आमच्यात माणूस समुद्रावर गेला आणि सापडला नाही, तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. त्याशिवाय त्याला गती नाही. जाणती माणसं ते ठरवायला मामाच्या घरी बसली तेव्हा मामी हातात बांगड्या भरून, कपाळावर ठसठशीत कुंकू लावून दारात येऊन उभी राहिली.

"तो जिता हाय," ती म्हणाली. "वरती घेतलाय त्याला. खाली सोडीत नाय."

जाणती माणसं उठून गेली. पुन्हा विषय निघाला, पुन्हा तिचं तेच उत्तर. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि मला त्याचीच भीती वाटायची. कोपऱ्यात मामाची आई, माझी आजी, भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची. सून नवऱ्याला जिवंत म्हणते आहे, तोवर सासूने मुलासाठी हंबरडा कसा फोडायचा?

"माजा पोर पान्यावर भटकतोय," आजी माझ्या आईला म्हणाली, "आनि ही मना रडूं देत नाय."

सगळा राग माझ्या पुस्तकावर आला. आईने पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, "आन आनखी पुस्तकं! आता तूच जा. तूच सांग तिला, सगलं खोटं हाय म्हनून."

मामी खळ्यात होती. बोंबील नव्हते, वलांड्या रिकाम्या होत्या. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, "मामी, तसलं जहाज कुठे नसतं. ती नुसती गोष्ट आहे."

"मना कलतंय. मी येडी नाय," ती म्हणाली. मग ती माझ्यासमोर खाली बसली. "शेवट काय हाय त्या गोष्टीचा? तो जायच्या आधी आपलं वाचून नाय जालं. वाच."

शेवट मी चोरून आधीच वाचला होता. तो मला तिला मुळीच ऐकवायचा नव्हता. पण ती समोर बसली होती आणि माझ्याशिवाय तिला वाचून दाखवणारं कुणी नव्हतं. मी वाचलं. भर समुद्रावर जहाजाला आग लागते. एकेक पंखा थांबत जातो. जहाज कलतं आणि सगळ्या माणसांसकट पाण्यात पडतं. एवढी पानं जगभर फिरवून शेवटी असं टाकून देणाऱ्या त्या लेखकाचा मला भयंकर संताप आला होता.

"तो मालक पन?" मामीने विचारलं.

"तो पण."

"येवढे पंखे," ती हळूच म्हणाली. "येवढा शिकलेला मानूस. त्याला पन दर्यानं सोडला नाय."

मग तिने जे सांगितलं ते तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. "ते दोघं लाकूड धरून ऱ्हायले. मंग ह्यानंच हात का सोडला? मना लय राग आला व्हता गो त्याचा. मेलेल्या मान्सावर राग धरवत नाय. म्हनून त्याला जिता ठेवला."

ती उठली, पदर सारखा केला आणि आत आजीकडे गेली. "आत्या, भटाला बोलवा," ती म्हणाली.

पुतळ्याला अग्नी दिल्यावर बायका मामीच्या बांगड्या उतरवायला पुढे आल्या. त्या काळी आमच्याकडे लग्नात नवरी उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला द्यायची, त्याने नवऱ्याला सांभाळावं म्हणून. पुढे जन्मभर बांगड्या फक्त डाव्या हातात. मामीने कुणाला हात लावू दिला नाही. गुडघाभर पाण्यात गेली आणि डाव्या हातातली एकेक बांगडी स्वतः काढून तिने लांब फेकली.

"त्या दिल्या तवा सांगितलं व्हतं, त्याला सांभाल," ती समुद्राला ओरडून म्हणाली. "आयकलं नाय तू. घे. ह्या पन घे."

मग ती तिथेच पाण्यात खाली बसली. आजी लुगड्यासकट पाण्यात शिरली, तिच्या शेजारी बसली, आणि दोघी रडल्या.