मिटलेले डोळे उघडताना

ऐंशीच्या दशकात घाटकोपरच्या एका स्टुडिओत मी रिटचिंग करायचो, म्हणजे फोटोवरचे डाग बारीक ब्रशने बुजवायचो. एकदा शेजारच्या गल्लीतला एक जण वडिलांचा फोटो घेऊन आला. म्हाताऱ्याने जन्मात फोटो काढला नव्हता. हा काढला होता तो गेल्यावर, खुर्चीत बसवून.

"तेराव्याला लावायचाय. डोळे तेवढे उघडे करून द्या ना," तो म्हणाला.

मेलेल्या माणसाची मला लहानपणापासून भीती. त्या मिटलेल्या पापण्यांकडे मला बघवेना. त्यात या माणसाला मी कधी पाहिलेलंही नव्हतं. शेवटी वैतागून समोर आरसा ठेवला आणि स्वतःचे डोळे बघून रंगवून टाकले.

तेराव्याला मला जेवायला बोलावलं. त्याची म्हातारी आई फोटोकडे बघून रडायला लागली. "अगदी ह्यांचीच नजर!" मुलाने फोटोला हार घातला.

जिवंत माणसाच्या फोटोला हार घालायचा नसतो, असं आई नेहमी बजावायची. हाराच्या वरून माझेच डोळे माझ्याकडे रोखून बघत होते, आणि म्हातारी मला म्हणत होती, "ये रे बाळा, तूही नमस्कार कर."