मोहाच्या बियांचा डबा

माझ्या कपाटात एक पत्र्याचा डबा आहे. त्यात मोहाच्या बिया आहेत, एवढंच घरच्यांना माहीत. त्या तिथे कशा आल्या — हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. तुम्हाला सांगते.

मी मेंदूची डॉक्टर, झोपेवर संशोधन करते. झोपलेल्या माणसाकडे टक लावून बघायची मला लहानपणापासून खोड, आई चिडायची. स्वप्नात धावणारा माणूस अंथरुणातून का उठत नाही? कारण स्वप्न पडताना मेंदू शरीराला बांधून ठेवतो. काहींची ही गाठ सुटते. ते झोपेत लाथा झाडतात, ओरडतात. आणि त्यांतल्या अनेकांना पुढे कंपवात होतो — कधी कधी कितीतरी वर्षांनी! रोगाची चाहूल इतकी आधी लागते, मग कुणाला उत्सुकता वाटणार नाही?

कुरखेड्याजवळच्या एका गावात मला सोमाभाऊ भेटले. धानाची शेती, मुंगीलाही न दुखावणारा माणूस. झोपेत मात्र रानडुकरं हाकलायचे — आणि मार बसायचा शेजारी झोपलेल्या त्यांच्या बायकोला, यशोदाबाईंना. बाईंना लिहिता येत नव्हतं. म्हणून मी डबा दिला: झोपेत भाऊंचा हात उठला की सकाळी एक बी टाकायची. दर महिन्याला मी जायचे, बिया मोजायचे. डबा जड लागला की — लाज वाटते सांगताना — मला आनंद व्हायचा.

गावाला दिसायचा तो फक्त बाईंचा सुजलेला डोळा. लेकीने तर माहेरी येणंच सोडलं. "बाबा आईले मारते," असं ती साऱ्यांना सांगायची.

एका महिन्यात बिया फार कमी निघाल्या. मी हिरमुसले. का म्हणून विचारलं, तर सोमाभाऊंनी मनगटं पुढे केली. दोरीचे वळ होते. झोपताना ते बाईंकडून हात बांधून घेत होते.

"मॅडम, मी खराब माणूस आहो का? झोपेत काय करतो, मले काईच समजत नाई."

एक वाक्य पुरलं असतं — हा आजार आहे, भाऊ. वेगळे झोपा, औषध देते. पण मग बिया थांबल्या असत्या. आणि मला तर कंपवात कसा येतो, ते पहिल्यापासून बघायचं होतं.

मी म्हणाले, "हात बांधू नका, भाऊ. मनगटाला इजा होईल."

किती काळजी, नाही?

पुढच्या महिन्यात डबा भरला.

तीन वर्षांनी त्यांचा उजवा हात थरथरू लागला, तेव्हा मी सांगितलं, हा आजार आहे. लेकीलाही बोलावून घेतलं. ती बापाच्या गळ्यात पडून रडली. यशोदाबाई तेवढ्या माझ्याकडे बघत होत्या.

"मॅडम, तुमाले हे कधी मालूम पडलं?"

"आत्ताच," मी म्हणाले.

सोमाभाऊंनी माझे दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाणी आणून आभार मानले. त्यांची थरथर माझ्या कोपरापर्यंत जाणवली.

पहिल्यांदा डबा उघडला, त्याच दिवशी मला कळलं होतं.