पाच पायऱ्या आणि एक फ्लॉवर

आमच्या लग्नाचं बोलायला तिच्या वडलांनी मला एकट्यालाच बोलावलं होतं. आधी माणूस बघू, मग घरच्यांचं बघू, असा निरोप होता. आम्ही बेळगावजवळच्या खेड्यातले मराठा शेतकरी, ते कोगनोळीच्या अलीकडचे जैन. आप्पा, म्हणजे तिचे वडील, व्हय म्हणतील याची तिलाच खात्री नव्हती. आम्ही दोघं एकाच कॉलेजात गणित शिकवायचो, तेवढंच काय ते गोत्र जुळत होतं.

कमी बोल, असं तिनं बजावलं होतं. आता मी आणि कमी बोलणं! मी आप्पांना एक चीज दाखवायची ठरवली होती. एक, एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा. मागचे दोन आकडे मिळवले की पुढचा तयार. शाळकरी पोराला जमेल इतकं सोपं, आणि तरी सूर्यफुलाच्या बियांत, अननसाच्या खवल्यांत, फ्लॉवरच्या गड्ड्यात हेच आकडे भेटतात. मला या मालिकेचं लई येड. आपण कागदावर केलेली बेरीज त्या झाडाला कुणी सांगितली, या विचारानं अजून अंगावर काटा येतो.

कांदा, बटाटा, लसूण त्यांच्यात चालत नाही, हे मला पाठ होतं. जमिनीखालचं काही न्यायचं नाही. म्हणून बेळगावच्या कॅम्पातल्या बाजारातनं पांढराशुभ्र फ्लॉवर निवडून घेतला, सॅकमध्ये घातला आणि गाडीवरनं हायवेला लागलो. स्वतःच्या हुशारीवर इतका खूश होतो की हेल्मेटच्या आत शीळ घालत गेलतो.

पायऱ्या चढून सोप्यात गेलो, आप्पांच्या पाया पडलो आणि चहा यायच्या आत फ्लॉवर काढून टीपॉयवर ठेवला. तिच्या आईनं आतनं डोकावून तोंडाला पदर लावला. ती भिंतीला टेकून डोळे मिटून उभी. मी आपला सुरूच. हे वळसे बघा, या बाजूनं मोजले तर पाच, त्या बाजूनं आठ.

आप्पा शांतपणे म्हणाले, की फ्लॉवर आमच्यात शिजत नाही, त्यात बारीक जीव असतात. आणि आता तर चातुर्मास चाललाय. माझं तोंड त्या फ्लॉवरपेक्षा पांढरं पडलं. तरी गप्प बसेन तर तो मी कसला. म्हटलं, हीच मालिका एका जैन आचार्यांनी छंदांच्या मात्रा मोजताना फार पूर्वी मांडलीय.

"आचार्यांनी मांडली असंल," आप्पा म्हणाले, "पर फ्लॉवर आणा म्हून न्हाय सांगितलं."

संपलं सगळं. फ्लॉवर काखेत मारून मी खाली येऊन बूट घालायला लागलो. डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं, पण तोंड काही बंद होईना. म्हटलं, आप्पा, या तुमच्या पाच पायऱ्या. एका वेळी एक चढा, नाहीतर दोन. चढायच्या तऱ्हा आठच होतात. शेवटचं पाऊल एका पायरीचं असेल तर त्याआधी चार पायऱ्या, त्यांच्या पाच तऱ्हा. दोन पायऱ्यांचं असेल तर त्याआधी तीन, त्यांच्या तीन. पाच नि तीन आठ.

"आठच? अन् मी नववी काढली तर?"

काढून दाखवा, असं मी होणाऱ्या सासऱ्याला म्हणून बसलो. आप्पांनी लुंगी वर खोचली. गुडघ्यांची काही काळजी आहे का, असं तिच्या आईचं आतनं बोलणं आलं, पण ते कुठले ऐकतात! ओंदू, एरडू, ओंदू, म्हणजे एक, दोन, एक, असं कानडीत पुटपुटत ते खांबाला धरून चढायचे, उतरायचे, थांबून विचार करायचे. मधेच विचारायचे, मास्तर, ही झालती काय? मी म्हणायचो, झालती. अंगणात फ्लॉवर काखेत धरून मी परीक्षक झालतो.

शेवटी घामाघूम होऊन ते वरच्या पायरीवर टेकले. सातच सापडल्या, म्हणाले. आठवी मला माहीत होती. सांगायला तोंड उघडलं, तोच तिनं मागनं येऊन पाठीत असा चिमटा काढला की मी जन्मात पहिल्यांदा गप्प बसलो.

"आठवी ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले. "रविवारी आईवडलांना घिऊन या. ते चढतील ती आठवी. अन् येताना भाजी आणू नका."